नुक्ता वर की खाली?

“अक्षराकडं बघितलं की अक्षर जातंय. खिडकीकडं बघितलं की कडंला येऊन बसतंय,” अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून मला तेच समजावलं, पण अण्णांचं वाक्य जास्त नेमकं होतं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चालला होता. कडा अजून शाबूत होत्या. त्यामुळं त्यांना उंबरा दिसतो, अंगणातला पेरू दिसतो, पायरीवर कुणी चढलं तर हालचाल कळते. ज्याच्याकडं रोखून पाहावं, तेवढंच पुसलं जातं. समोरच्याचा चेहरा. घड्याळाचे काटे. छापलेली ओळ.

सदतीस वर्षं शाळेत मुलांकडून अक्षर गिरवून घेतलेला हा माणूस. रिटायर झाल्यावरही सकाळी पेपरवाल्याच्या आधी दारात उभा राहणारा. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांचे पेपर घडी न मोडता तसेच कोनाड्यात साठत गेले आणि ते कुणाच्या लक्षात यायला महिना लागला. मी नांदेडला नोकरीला, अण्णा उदगीरला. शनिवारी दुपारची एसटी धरायची, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद करत संध्याकाळी पोचायचं, रविवारी रात्री परत फिरायचं. अशाच एका शनिवारी कोनाड्यातली ती कोरी रास पाहिली आणि पोटात कालवलं.

एका रविवारात आठवड्याचे पेपर वाचून होत नाहीत. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत काय करायचं, हा प्रश्न होता, आणि तो माझ्या मुलीनं सोडवला. तिनं पेपरचा फोटो काढला, फोटोखालच्या भिंगाच्या खुणेवर बोट टेकवलं, मजकुरावर निळसर छटा पसरली, आणि फोन मराठीत बोलायला लागला. अण्णा खाटेवर ताठ बसले. “कोण वाचतंय?” त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, “फोन वाचतोय आजोबा. फोटोतून.”

फोटोतून अक्षर काढणं ही गोष्ट आता इतकी हाताशी आली आहे की तिचं नवल करायलाही कुणाला सवड नाही. वेगळं काही विकत आणावं लागत नाही, संगणकात आणि फोनमध्ये ती आधीच असते. लॅपटॉपवर तीन बटणं एकदम दाबली की पडदा अंधारतो, अधिक चिन्हासारखा बाण येतो, त्यानं मजकुराभोवती चौकट ओढली की चित्रातली अक्षरं वेगळी होऊन हाती येतात. माझ्या लॅपटॉपमधल्या सोयीला इंग्रजी येत होतं, मराठी मात्र दिली की नुसता भुसा बाहेर यायचा. मग दुसरी वाट कळली. फोटो गुगल ड्राइव्हवर चढवायचा, त्यावर उजवं बटण दाबून तो गुगल डॉक्समध्ये उघडायचा. वर आपला फोटो दिसतो आणि त्याच्याखाली त्यातलाच मजकूर, खोडता येईल, जोडता येईल, शोधता येईल असा. पहिल्यांदा तो उतरलेला पाहिला तेव्हा लहानपणी पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर वाळता वाळता जुनी अक्षरं परत दिसायची, ते आठवलं.

या यंत्रांची वंशावळ शोधली तर मुळाशी अण्णांसारखीच माणसं भेटतात. १९१० च्या दशकात इंग्लंडमध्ये फुर्निए दाल्ब नावाच्या शास्त्रज्ञानं छापील अक्षरावर प्रकाश पाडून त्याचे सूर करणारं यंत्र बनवलं. अंध माणसानं कानानं सूर ओळखायचे आणि शब्द जुळवायचा. १९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवाईल यांनी छापील पान काचेवर ठेवलं की मोठ्यानं वाचून दाखवणारं यंत्र जगापुढं आणलं, तेही अंध वाचकांसाठीच. मधल्या काळात ही विद्या बँकांनी वापरली, टपाल खात्यांनी वापरली, कंपन्यांनी वापरली. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेला टेसेरॅक्ट नावाचा प्रोग्राम २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. आज तो कुणीही फुकट घेऊन मराठी वाचायला लावू शकतो. पण या विद्येच्या सुरुवातीला दृष्टी नसलेल्या माणसाला वाचता यावं, हा एक हेतू होता. उदगीरच्या आमच्या ओसरीवर ती परत आपल्या मूळ कामाला लागली, याचं मला फार बरं वाटतं.

पेपर वाचायला लावणं सोपं नव्हतं. पेपरात शेजारीशेजारी कॉलम असतात. यंत्र कधी कधी एका कॉलमची अर्धी ओळ वाचून सरळ शेजारच्या कॉलममध्ये शिरतं. सोयाबीनच्या भावाची बातमी मधेच कुणाच्या तरी श्रद्धांजलीत मिसळायची. अण्णा हात वर करून थांबवायचे, जसं वर्गात थांबवत असतील. मग त्यांनीच उपाय काढला. पेपर उभा घडी करायचा, एकच कॉलम वर ठेवायचा, फोटो काढायचा, घडी बदलायची. घडीच्या रेघा त्यांना बोटांना कळतात. फोटो सकाळच्या उन्हाच्या कडेला, सावलीत काढायचा, म्हणजे आपल्या हाताची सावली मजकुरावर पडत नाही. फोन आडवा-तिरपा नाही, पानाच्या बरोबर वर. आणि फोटो दुसऱ्याला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून टाकायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून टाकायचा. नाहीतर तो दाबून लहान होतो आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. हे सगळं अण्णांनी शेजारच्या दोन पोरांना शिकवलं. ती शाळेला जाताना रोज दोन पानांचे फोटो काढून देतात आणि अण्णा त्यांचे उच्चार सुधारून देतात. व्यवहार बरोबरीचा आहे.

अण्णांना मात्र वेगळंच कुतूहल. “त्याला ळ कसा कळतो रे?” त्यांनी विचारलं. मी जे वाचलं होतं ते सांगितलं. पूर्वीचे प्रोग्राम देवनागरी वाचताना आधी शिरोरेषा पुसून टाकत. रेघ गेली की अक्षरं सुटी होतात, मग एकेक ताडून पाहायचं. आताची यंत्रं सुटी अक्षरं करत बसत नाहीत, अख्खी ओळ डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं चाळतात आणि हजारो पानं आधी पाहिलेली असल्यामुळं इथं काय असायला हवं याचा अंदाज बांधतात. अण्णा विचारात पडले. “म्हणजे पहिलीच्या पोरासारखं आधी, आणि चौथीच्या पोरासारखं आता,” ते म्हणाले. पहिलीतलं पोर अक्षर अक्षर लावतं, चौथीतलं पहिलं अक्षर बघून शब्द म्हणून टाकतं. चुकाही तशाच होतात. भ चा म, घ चा ध, ब चा व. आणि र्‍ह, ऱ्य मधला तो अर्धा र, सुईच्या टोकाएवढा, तो तर पुष्कळदा पडूनच जातो. ‘दुसऱ्या’चा ‘दुसया’ झालेला दिसला की मला अण्णांच्या लाल शाईची आठवण येते.

शासनानं ६ नोव्हेंबर २००९ ला मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीचे म्हणून ठरवले. अण्णांनी तो निर्णय निघायच्या कितीतरी आधीपासून हेच ल आणि श मुलांकडून घोटून घेतले होते. फोनच्या पडद्यावर बहुतेक ठिकाणी हिंदीच्या वळणाचे ल, श दिसतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं.

मी राहतो ते नांदेड शहर लिप्यांचंच आहे. हुजूर साहिबच्या परिसरात गुरुमुखी. देगलूर नाक्याकडं दुकानांच्या पाट्यांवर उर्दू. धर्माबादकडून आलेल्या मालाच्या खोक्यांवर तेलुगू. देगलूर ओलांडलं की कन्नडही. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहजींनी इथं देह ठेवला तेव्हापासून पंजाबची लिपी गोदावरीच्या काठी आहे आणि ती पाहुणी वाटत नाही. फोन हातात आल्यापासून मला संध्याकाळी फिरताना नाद लागला. पाटीसमोर फोन धरायचा आणि तिच्यावर काय आहे ते वाचायचं. तीस वर्षं ज्या दुकानावरून गेलो त्याच्या मालकाच्या बापाचं नाव मला पहिल्यांदा कळलं, कारण ते फक्त उर्दूत होतं.

याच जिल्ह्यात दगडावरची अक्षरं उतरवून घेण्याचं मोठं काम झालेलं आहे. देगलूर तालुक्यात होट्टल, करडखेड, तडखेल इथं चालुक्यांच्या काळातले कन्नड आणि संस्कृत शिलालेख आहेत. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी ते वाचून नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचं पुस्तक केलं. नांदेडच्या यशवंत महाविद्यालयानं ते १९६८ मध्ये छापलं. शिलालेख वाचणाऱ्यांची रीत मोठी सुंदर आहे. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकत ठोकत तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकीचं काळं होतं. याला ठसा म्हणतात. होट्टलच्या देवळात मी एकदा संध्याकाळी कलत्या उन्हात फोन धरून उभा राहिलो होतो. उन्हाची तिरीप आडवी आली तेव्हा अक्षरं उठली, फोटोही चांगला आला. फोन काही बोलला नाही. नऊशे-हजार वर्षांपूर्वीचं कन्नड वळण त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. त्या कागदावर ठोकत बसलेल्या माणसांच्या हातांबद्दल आदर मात्र वाढला.

आणि मग २०२३ चा सप्टेंबर आला.

मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बघता बघता आठही जिल्ह्यांत कागदांना जाग आली. तहसिलातली खासरा पत्रकं, जन्ममृत्यूची रजिस्टरं, शाळांची जुनी दाखलखारीज. कुठं उर्दू, कुठं मोडी. उर्दू जाणणारे म्हातारे मास्तर आणि मोडी वाचणारे जाणकार यांची कचेऱ्यांना गरज पडली. सापडलेल्या नोंदींचे फोटो जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढायला लागले आणि माणसं फोनवर बोटांनी ते मोठे करून आपल्या पणजोबाचं नाव शोधायला लागली. चहाच्या टपरीवर, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत. त्या दिवसांत लोहा ते अहमदपूर माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या एका माणसानं मला फोन दाखवून विचारलं, “दादा, हे काय लिहिलंय बघा बरं.” उर्दू होतं. मला येत नव्हतं. त्यालाही येत नव्हतं. ज्यांच्या नावाचा तो कागद होता, त्यांच्या घरातलंच कुणी तो वाचू शकत नव्हतं.

आरक्षणात कुणाला काय मिळावं आणि काय मिळू नये, याचा वाद मोठा आहे आणि त्याच्यासाठी माणसं रस्त्यावर उतरलेली आहेत. ते मी इथं सोडवू शकत नाही. मला त्या दिवसांत एकच गोष्ट टोचत राहिली. आमच्याकडं चार पिढ्यांत चार लिप्या झाल्या. आजोबा सही मोडीत करत. अण्णा निजामाच्या राज्यात उर्दू शिकले. ते तेरा वर्षांचे असताना, १७ सप्टेंबर १९४८ ला, राज्य बदललं आणि हळूहळू उर्दू मागं पडली. मी बालबोध शिकलो. माझी मुलगी मैत्रिणींना मराठीत लिहिते, पण रोमन अक्षरांत. प्रत्येक पिढीनं आपली लिपी पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पुढच्याला द्यायची राहून गेली.

आमच्याकडंही ट्रंक होती. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी ती उघडायची, कागदांना ऊन दाखवायचं, डांबरगोळ्या बदलायच्या आणि परत लावायची. त्या नोव्हेंबरात मी ती लावली नाही. ओसरीवर चादर अंथरली, कागद पसरले आणि एकेकाचा फोटो काढत गेलो.

बालबोधातले छापील कागद फोननं घडाघडा वाचले. सोसायटीच्या पावत्या, अण्णांचे बदलीचे हुकूम. अण्णांच्या हस्ताक्षरातली टाचणवही त्यानं बरीचशी वाचली, कारण अण्णांचं अक्षर छापल्यासारखं आहे. ऐकताना अण्णा खूश झाले आणि त्यांनी ते लपवलं नाही. मोडीच्या दोन चिठ्ठ्यांपुढं तो गप्प झाला. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखी ती लिपी कालपरवा जन्मली. आता कामाला सुरुवात झाली आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीच्या दोन हजारांवर प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी वाचन एकत्र करून यंत्राला शिकवायला घेतलं. मोडीतल्या कागदांची संख्या कोटींत मोजावी लागेल, त्यापुढं दोन हजार म्हणजे मूठभरच. तरी ती मूठ कुणीतरी भरली.

तळाशी एक स्टॅम्पपेपर होता. चार घड्या, घड्यांवर चिकटपट्टी. वर निजाम सरकारचा शिक्का, छापील उर्दू, त्याच्याखाली कुणा अर्जनवीसानं एका दमात लिहिलेल्या चौदा ओळी आणि सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात, एक अंगठा. घरात हा कागद ‘पणजोबाचा’ म्हणून ओळखला जायचा. अंगठाही त्यांचाच, असं सगळे धरून चालले होते.

छापील भाग फोननं वाचला. त्यात जिल्ह्याच्या जागी ‘बीदर’ आलं, तेव्हा मी म्हटलं, चुकलं यंत्र. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं; बीदर तर कर्नाटकात. अण्णा म्हणाले, “बराबर वाचलंय त्यानं. छप्पन सालापस्तोर आपण बीदर जिल्ह्यातच होतो की.” १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले, लातूर जिल्हा झाला तो तर १९८२ मध्ये. मला शाळेत हे शिकवलेलं होतं आणि मी ते विसरलो होतो. फोनला माझ्यासारखं काही गृहीत धरायचं नव्हतं, म्हणून त्यानं जे होतं तेच वाचलं.

सालाचे आकडेही त्यानं काढून दिले. १३५१. पुढं महिना, बहमन. “फसली साल हाय,” अण्णा म्हणाले. “पाचशे नव्वद मिळव.” मिळवले. १९४१. फसली वर्ष ऑक्टोबरात आझर महिन्यानं सुरू व्हायचं, मग दै, मग बहमन. म्हणजे डिसेंबर. अण्णा तेव्हा सहा वर्षांचे होते.

इथून पुढं हाताचं लिखाण होतं आणि फोन थकला. शिकस्ता म्हणतात त्या वळणाला. मोडकी, मोडून टाकलेली लिपी. लिहिणाऱ्याला घाई असते, तो लेखणी उचलत नाही, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात, नुक्ते कुठंही जाऊन बसतात. नुक्ता एकचा दोन झाला तर अक्षर बदलतं, वरचा खाली गेला तर अक्षर बदलतं. फोननं तीन-चार शब्द दिले, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी हात टेकले. उदगीरला उर्दूचे जाणकार पुष्कळ आहेत, उद्या कुणाकडं तरी जाऊ, असं म्हणत फोन खाली ठेवला.

“मला सांग कसं दिसतंय ते,” अण्णा म्हणाले.

“काय कसं?”

“अक्षर. तुला येत नाही ना? मग काय दिसतंय तेवढं सांग. उजवीकडून.”

मी फोटो लॅपटॉपवर घेतला. रंग काढून काळा-पांढरा केला, काळं आणखी काळं केलं. पिवळट कागद मागं हटला, शाई पुढं आली. एकच शब्द पडदाभर होईल इतका मोठा केला. आणि मी, ज्याला ती लिपी येत नाही, तिचं वर्णन करायला लागलो, ज्याला ती येते पण दिसत नाही अशा माणसाला.

“एक उभी काठी. खाली आकड्यासारखी वळलीय, डावीकडं.”

“काठीवर रेघ आहे का तिरकी?”

“नाही.”

“मग लाम. पुढं.”

असं आम्ही पहिल्या ओळीला चाळीस मिनिटं घेतली. मला हळूहळू पाहायला यायला लागलं. आधी जे नुसतं गुंतवळ होतं त्यात गाठी दिसल्या, दात दिसले, ताटल्या दिसल्या. अण्णांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि तर्जनी हलत होती. मी सांगेन ते ती धोतरावर लिहून पाहत होती. पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणा मौलवी मास्तरांनी पाटीवर गिरवून घेतलेलं वळण त्या बोटात अजून होतं. मी कधीकधी चुकीचं सांगायचो, मग शब्द लागायचा नाही, ते म्हणायचे, “तसं नसतंय ते. परत बघ. नुक्ता वर की खाली?” मी परत बघायचो. खाली असायचा.

मधे चहा झाला. आई असती तर रागावली असती, जेवणाची वेळ होऊन गेली होती.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर एक शब्द आला.

“लहानशी गाठ,” मी म्हटलं. “मग लांब, सपाट रेघ. खाटेची दोरी ओढल्यासारखी.”

“दात नाहीत का तिला? तीन?”

“नाहीत.”

“ओढून लिहिलं की दात जातेत. सीनच ती. पुढं?”

“परत गाठ. मग एक उभी काठी, साधी. तिथं तुटलं. मग एक पसरट ताटली. वर दोन टिंबं.”

बोट धोतरावर चाललं. मीम, सीन, मीम, अलिफ, ते. ते दोनदा चाललं.

“मुसम्मात,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे?”

“बाईच्या नावाआधी लावतेत. श्रीमती म्हणतो ना आपण, तसं. पुढं बाईचं नाव असणार.” ते सरसावून बसले. “पणजोबाचा नाही हा कागद. कुणातरी बाईनं घेतलंय रान. सांग पुढं.”

मी पुढचा शब्द मोठा केला. पाच अक्षरं होती. पहिल्याचं वर्णन केलं. दुसऱ्याचं केलं. तिसऱ्याला नुक्ता होता की शाईचा डाग ते मला ठरवता येईना, मी दोन्ही सांगितलं. बोट हळू झालं. चौथ्याला ते थांबलं. पाचवं मी सांगितलं, पण ते त्यांनी लिहिलं नाही.

आमच्या घरात आजीचं नाव कुणी घेत नाही. सासऱ्यांनी घेतलं नाही, दिरांनी घेतलं नाही, लेकरं तर घेतच नाहीत. मला स्वतःला ते फक्त एकदा, मृत्यूच्या दाखल्यावर वाचून माहीत होतं. अण्णांनीही ते उच्चारलं नाही.

“आई आहे ही,” ते म्हणाले.

आजोबा १९४० च्या साथीत गेले होते, एवढं आम्हाला सांगितलेलं होतं. त्यानंतर चार लेकरं घेऊन आजी माहेरी न जाता तिथंच राहिली, एवढंही. तिनं रान विकलं असेल, गहाण टाकलं असेल, असंच सगळ्यांना वाटत आलं. तिनं एक रान घेतलं होतं. कशातून घेतलं, कुणाकडून घेतलं, ते खालच्या बारा ओळींत होतं आणि त्यांना अजून आम्ही हात लावला नव्हता. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, नाला कुठं, वाट कुठं. चार बाजू लिहिल्याशिवाय खरेदीखत पुरं होत नाही.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मी फोटो लहान केला. चौदा ओळी परत मुंग्यांच्या रांगांसारख्या झाल्या.

“अंगठा आहे म्हणालास ना खाली?”

“आहे.”

“मोठा कर.”

मी कोपऱ्यावर चौकट ओढली. यंत्रानं तिथं शब्द शोधून पाहिला, काही नाही म्हणून सांगितलं. मी तो नुसताच मोठा करत गेलो, पडदाभर होईपर्यंत. जांभळी शाई काळी झालेली होती. रेघा स्वच्छ उठल्या होत्या. वर, जिथं जोर पडला होता, तिथं थोड्या फाकल्या होत्या. मी लॅपटॉप उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पडदा त्यांच्याकडं वळवला.

अण्णांनी आधी सरळ पाहिलं. मग मान वळवली, हळूच, आणि ते खिडकीकडं बघत राहिले, पेरूच्या झाडाकडं, जिथं काहीच नव्हतं, म्हणजे तो अंगठा कडेला येऊन बसेल.